सात नंबरची तक्रार

"पोरी, त्यो डावा पाय तुजा न्हाय व्हय?"

बजाबाईंनी हे इतक्या सहज विचारलं, की साक्षीला बीपीचा पट्टा सोडता सोडता हसूच आलं.

"माझाच आहे, आजी. फक्त पुण्याहून करून आणलाय."

बजाबाई हसल्या नाहीत. साक्षी पुढच्या खाटेकडे गेली, तेव्हाही त्यांची नजर तिच्या पावलांवरच होती.

साक्षी सहावीत असताना एका टेम्पोनं तिला उडवलं आणि गुडघ्याखालचा पाय गेला. नर्सिंग करायचं तिनं तेव्हाच, दवाखान्यातल्या खाटेवर ठरवलं होतं. आता या हाडांच्या दवाखान्यात तिला दोन महिने झाले होते. तेही तीन महिन्यांच्या बोलीवर.

"काम तुझं चोख आहे," मेट्रन बिराजदार मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "पण वॉर्ड म्हणजे दिवसभर पळापळ. तुझ्या पायावरून एक जरी तक्रार आली, तर डॉक्टर तुला रेकॉर्ड रूमला बसवतील. तिथं माझं काही चालायचं नाही."

साक्षीला कागदांत बसायचं नव्हतं. तिला माणसं हवी होती. म्हणून ती वॉर्डात बसायचीच नाही. बाकीच्या सिस्टर स्टुलावर टेकून चहा घ्यायच्या, ती उभ्यानं घ्यायची. लिफ्ट सोडून जिना चढायची. डॉक्टरांनी पेशंटला निदान दोन येरझाऱ्या घालायला सांगितलं, की ती हाताला धरून चार घालून घ्यायची. अंगचोर म्हणायला कुणाला जागाच ठेवायची नाही, असा तिचा हिशोब होता.

बजाबाई केम गावच्या. गोठ्यात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचा सांधा बदलावा लागला. मुलगा अभिमन्यू शेतावरची कामं भावकीवर टाकून त्यांच्या उशाशी बसलेला असायचा. म्हातारी बोलायला गोड होती, पण तिचे प्रश्न काही संपत नव्हते. आणि सगळे साक्षीच्या पायाभोवती फिरणारे.

"दिवसभर उबी असतीस. पाय भरून येत न्हाय?"

"नाही, आजी."

"कवाच न्हाय?"

"कधीच नाही."

हे अर्थातच खोटं होतं. घरी जाऊन पाय उतरवला, की गुडघ्याखालची कातडी लालबुंद झालेली असायची आणि आई खोबरेल तेलाची वाटी पुढं करायची. पण हे सात नंबरच्या खाटेला कशाला सांगायचं? बजाबाईंनी उसासा टाकला आणि पांघरूण ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"रविवारी तुला सुट्टी असंल की."

"या रविवारी नाही. ऋतुजा सिस्टरच्या घरी लग्न आहे, तिची ड्युटी मीच घेतलीय."

"आन् पुढच्या?"

"तोवर तुम्ही केमला पोचाल, आजी."

बजाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

शुक्रवारी दुपारी साक्षी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन वॉर्डात आली, तर मायलेक हळू आवाजात बोलत होते. तिला पाहताच दोघं गप्प झाले. अभिमन्यू उठून बाहेर गेला.

थोड्या वेळानं ऋतुजा धावत आली. "साक्षे, सात नंबरवाल्यानं काउंटरवरून तक्रारीचा फॉर्म नेलाय."

साक्षीनं ट्रे नीट झाकून ठेवला.

तासाभरात मेट्रनचं बोलावणं आलं. मॅडमनी कागद तिच्यासमोर सरकवला. अभिमन्यूचं अक्षर मोठं, शाळकरी होतं. 'खाट क्रमांक सात. सिस्टर बदलून मिळावी. कारण : सिस्टरचा पाय.'

साक्षीनं तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा अक्षरं नीट दिसेनात.

"काही चुकलं का तुझं?" मॅडमनी विचारलं. "धक्का लागला? म्हातारी पडता पडता वाचली?"

"नाही, मॅडम."

"नक्की?"

"नक्की."

मॅडम उठल्या. "मग चल माझ्याबरोबर. हा कागद डॉक्टरांकडे जाण्याआधी मी त्यांना तोंडावर विचारते. पायाला नावं ठेवत असतील, तर मलाही दोन शब्द बोलायचेत."

केबिनपासून सात नंबरपर्यंत जेमतेम तीस पावलं. साक्षीला ती त्या दिवशी सरता सरेनात. रेकॉर्ड रूमची एकुलती एक खिडकी आणि तिथला धुळीचा वास आत्ताच नाकात आल्यासारखा झाला.

बजाबाई खाटेवर बसल्या होत्या. दोघींना येताना पाहून त्यांनी पदर सावरला.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "या मुलीच्या पायाची तुम्हाला अडचण होते?"

"व्हय," बजाबाई म्हणाल्या. आवाज अगदी ठाम.

"का? ती तुमचं नीट करत नाही?"

"तसं कसं म्हनू? पोरगी गुणाची हाय. सुई टोचली तरी कळत न्हाय, इतका हात हलका."

"मग पायाचं काय?"

बजाबाईंनी मुलाकडं पाहिलं. अभिमन्यू फरशीकडं बघत राहिला. "सांग की आता," तो पुटपुटला. "मला नको लिहायला लावूस परत."

बजाबाईंनी साक्षीकडं न बघता मेट्रनपुढं हात जोडले.

"डाक्टर म्हनले, दोन येरझाऱ्या. ही चार घालाय लावती, काल तर सा घातल्या. पयल्या दिवशी मला वाटलं, बिचारी एका पायाची, दमंल, बसंल, तेवढाच मला इसावा. पन त्यो पुण्याचा पाय कवा दमतच न्हाय, बाई. मला आपली दोनी पाय धड असलेली एकांदी सिस्टर द्या."