तीन मिनिटं झाली

२०२१ साली नातीने नवा ऑनलाइन गेम घेतला. तिघांचा संघ लागायचा, म्हणून तिने आजीच्या कानाला हेडफोन चढवला. तिसरा गडी गेमनेच कुठून तरी जोडून दिला. ‘वाघीण’ नावाचा, आल्यापासून गप्प. आजी जुनी टेलिफोन ऑपरेटर. पडद्यावरची पळापळ बघून हरखूनच गेली.

“आजी, भिंतीमागे बस, दिसेल त्याला गोळी घाल!”

“अगं, आधी ओळख तरी करून दे!”

डाव रंगात आला. घड्याळाकडे लक्ष गेलं आणि आजीच्या तोंडून ड्यूटीवरच्या जुन्या सवयीने निघून गेलं, “तीन मिनिटं झाली, वाढवू का?”

वाघीण किंचाळली, “अगं बाई! ट्रंकवाली ना तू?”

वाघीण म्हणजे लाइनच्या पलीकडच्या शहरातली ऑपरेटर! चौदा वर्षं दोघींनी रोज ट्रंककॉल जोडता जोडता गप्पा मारल्या होत्या, भेट मात्र एकदाही नाही. ट्रंक बंद झाली आणि मैत्रीण हरवली. आता डाव संपला की पुन्हा हरवणार.

“नंबर सांग, लवकर!” आजी भिंतीमागून उठून थेट मैदानात धावली.

“घे लिहून!” वाघीणही धावली. शेवटचा आकडा सांगून झाला आणि दोघी एकदमच मेल्या.

“जिंकत होतो गं आपण!” नात रडकुंडीला आली.

ती दोन दिवस फुगून बसली. आता दुसऱ्या संघातून खेळते आणि जिंकते. दोघी म्हाताऱ्या रोज संध्याकाळी गेममध्ये येतात आणि हरतात. आता एकमेकींचा नंबर दोघींकडे आहे, पण फोन अजून कुणीच केलेला नाही. ड्यूटीवर चोरून मारलेल्या गप्पांची मजा त्यात नाही, म्हणतात.