आराखड्यातली कोरडी जमीन

पामच्या बागेला परवानगी मिळावी म्हणून बोर्निओतल्या एका गावचा प्रमुख सहरानी याने सरकारी आराखड्यात गावाभोवतीची दलदल ‘कोरडी जमीन’ करून घेतली आणि चर खणून तिचं पाणी काढलं. यंदा लांब टोकाला ती सुकलेली, कुजक्या झाडपाल्याची माती पेटली, ती जमिनीखाली आतल्या आत धुमसत राहिली.

“अशी आग दलदलीच्या मातीत पसरते. आराखड्यात आपली जमीन कोरडी आहे,” तो बायकोला म्हणाला.

“आगीला आराखडा वाचता येतो वाटतं?” मसनिया म्हणाली. “ते राहू द्या, आधी कोंबड्या कोंडा. हल्ली खुराड्यात जातच नाहीत, खांबांवरच्या घराखाली मातीत बसतात.”

सहरानी अनवाणीच खाली उतरला. त्याने कोंबड्या हुसकल्या. त्या उठल्या तिथली माती पायाला कोमट लागली; त्यात नवल नव्हतं. पुढचं पाऊल पडलं ते कोंबडी बसलीच नव्हती तिथे. ते त्याने चटकन उचललं.