कोरा नमुना

“आधी कोरा बघायचा, मग दुसऱ्याचा. कोरा बघितल्याशिवाय कुणाकडे बोट दाखवायचं नाही.”

मोठ्या बाई निवृत्त होऊन गेल्या, पण त्यांचा आवाज प्रयोगशाळेतच राहिला होता. धाकटीने कॉलम मशीनला जोडला, क्षणभर डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि दादाच्या रक्ताची कुपी बर्फातून काढली. वरची ट्यूबलाइट पिवळी पडली होती. बदलायला सांगायला हवं.

कॉलम म्हणजे बोटाएवढी स्टीलची नळी. आत बारीक मणी, मण्यांना चिकटवलेल्या अँटिबॉडीज. त्या एकच औषध ओळखत, आक्काच्या हृदयाच्या गोळीतलं. रक्तातलं बाकी सगळं नळीतून वाहून जायचं, ते तेवढं अडकून राहायचं. मग आंबट द्रावण सोडलं की सुटायचं आणि पडद्यावर डोंगर उभा राहायचा.

आज तो डोंगर दिसला, की वहिनीचा संसार संपला.

दादाला कित्येक दिवस उलट्या होत होत्या. डॉक्टर पित्त म्हणाले. आक्काचा मात्र विश्वास बसेना. आक्का सगळ्यांत थोरली. आई गेल्यावर दादाला आणि धाकटीला तिनेच वाढवलं.

“मी कुणाचं नाव घेत नाही गं,” आक्का म्हणाली होती, “पण तुझी वहिनी येऊन गेली की माझं गोळ्यांचं पाकीट हलकं होतं. ती गोळी चुकून जास्त गेली ना, तर मळमळतं, सगळं पिवळं दिसायला लागतं. आणि मग एक दिवस नाडीच थांबते.”

ते ऐकून दादाने गुपचूप हात पुढे केला होता. “घे रक्त. निघालं काही, तर तिला आजच घराबाहेर काढतो.”

“आणि नाही निघालं तर?”

“तर तिच्या पाया पडतो. तू फक्त खरं सांग.”

कोरा नमुना, म्हणजे तुलनेसाठीचं औषध नसलेलं रक्त, धाकटीचाच होता. प्रयोगशाळेत तो नेहमी तिचाच असे. आक्काच्या हातचं सोडून बाहेरचा घास नाही, औषधाची गोळी नाही, हा तिचा कितीतरी वर्षांचा नेम. सकाळी रक्त काढताना शेजारच्या टेबलावरचा जाड्या नेहमीप्रमाणे म्हणाला होता, “बाई, तुमचं रक्त म्हणजे गाळून घेतलेलं पाणी. माझं घातलं तर मशीन वडा मागेल.”

ती हसली होती. हसताना पुन्हा मळमळलं होतं.

“बदलीच्या गावी कधी जाताय मग? आमची पार्टी राहिलीय.”

“जरा बरं वाटलं की जाते.”

“मागच्या वेळीही हेच म्हणालात.”

“आक्का म्हणते, आधी पोट ठीक होऊ दे. तिथे परक्या गावात मला कोण बघणार?”

तिने कोरा चालवला. पडद्याकडे पाहिलं नाही; स्वतःच्या रक्तात काय बघायचं? मशीनला फक्त सांगितलं, यात जे येईल ते पुढच्या नमुन्यातून वजा कर. मग दादाचं रक्त सोडलं.

रेघ सरळ चालली. आंबट द्रावण कॉलममध्ये शिरलं, ठरलेली जागा आली आणि रेघ वर चढण्याऐवजी खाली कोसळली. डोंगराच्या जागी खड्डा.

शून्याच्याही खाली. हे कसलं उत्तर?

तिने कॉलम धुतला, पुन्हा कोरा, पुन्हा दादा. पुन्हा खड्डा.

“मशीन बिघडलंय वाटतं,” ती म्हणाली. “आणि या ट्यूबचंही बघा हो. किती पिवळी पडलीय.”

जाड्या पिशवी खांद्याला लावून दारात थांबला. त्याने वर पाहिलं. “ट्यूब? परवाच नवी बसवली, बाई. पांढरीशुभ्र आहे की.”

तो गेला. धाकटीने वर पाहिलं; तिला ती पिवळीच दिसली. मग तिने वजाबाकी बंद केली आणि दादाची रेघ एकटी पाहिली. सपाट. नुसतं पित्त. वहिनी धुतल्या तांदळासारखी.

तिने स्वतःची रेघ उघडली. डोंगर पडद्याच्या कडेला जाऊन भिडला होता.

फोन वाजला.

“बाळ, अजून तिथेच? दादाचं काय निघालं?”

“काही नाही, आक्का. दादा ठीक आहे.”

पलीकडे भांड्यात चमचा फिरल्याचा आवाज आला.

“बरं झालं बाई,” आक्काचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “तू मात्र उपाशी असशील. सकाळी काय कबूल केलं होतं मी? उशीर झाला तर गरम सूप घेऊन स्वतः येईन. बाहेरचं काही तोंडात घालू नकोस हं.” थर्मासचं झाकण घट्ट फिरल्याचा आवाज आला, मग दाराची कडी. “निघालेच मी.”