सावकाराची खूण

खोटं बोलीन तं जीभ झडो माही, अक्षर न् अक्षर खरं हाय! अड्याळच्या रुखमानं मधुकरराव सावकाराकडून कर्ज काढलं अन् नागपुराले जाऊन मुक्याबहिऱ्या पोरांले शिकवाचं शिक्षण घेतलं. मधुकरराव हासे, "काहून वं, एवढ्याशा पगारात मायं व्याज तरी फिटन का?" रुखमाही रोज रात्री बोटावर व्याजाचा हिशोब करे. नोकरी लागली त्या शाळेत तिच्यापुढं पहिली पोरगी आली कोण? मधुकररावाचीच बहिरी नात! आवाजाची थरथर कळावी म्हणून पोरीचा हात आपल्या गळ्याले लावून रुखमानं सालभर तिले बोल शिकवले. एक दिवस आजा समोर दिसला, तशी पोरगी खणखणीत बोलली, "आबा, व्याज माफ करा!"

बरं बापा, एवढं वाक्य म्या मनचं जोडलं. पोरगी नुसती "आबा" म्हणाली. मंग मधुकररावाच्याच तोंडून शब्द फुटेना. व्याज माफ केल्याचं त्यानं हाताच्या खुणेनं सांगितलं.