डावा गाल

"ताई, ऋजुताचं लग्न मोडलं हो," हेमलता रडत म्हणाली.

मंदाकिनीचा डावा गाल वर ओढला गेला. अकरा वर्षं लुळ्या असलेल्या त्या गालात मांडीचा स्नायू बसवताना डॉक्टरांनी त्याची नस थेट मेंदूतल्या आनंदाच्या केंद्राला जोडली होती. ते हसू आणता येत नसे, अडवताही येत नसे. ऋजुताच्या, स्वतःच्या लेकीच्या साखरपुड्यात याच धाकट्या जावेने तिला फोटोत कडेला उभं केलं होतं.

तिने हाताने गाल झाकला. "स्नायू नवा आहे गं. उगाच ओढला जातो."

"झाकू नका, ताई," हेमलता डोळे पुसत म्हणाली. "इतक्या वर्षांनी हसू आलंय तुम्हाला."

हाताखालचा गाल केव्हाच खाली आला होता. तरी मंदाकिनीला हात काढवेना.