ठसका

जुन्या जपानी स्पोर्ट्स गाड्यांचा मेळावा दर वर्षी शिक्रापूरला, हायवेलगतच्या मैदानात भरतो. यंदा माझ्या धाकट्या भावाला, विश्वजीतला, ताप होता. त्यामुळं त्याची लाल गाडी इथं आमच्या राहू गावातच, शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिली. मी माझी पांढरी घेऊन एकटाच गेलो, आणि खरं सांगायचं तर खुशीत गेलो. दिवसभरात अकरा जण गाडीजवळ आले. अकराही जणांनी एकच विचारलं, "लाल नाही आणली?" एकानं तर काढलेला कॅमेरा परत पिशवीत ठेवला. रोल वाया जाईल म्हणाला.

संध्याकाळी घरी आलो तर आई मीठ, मोहऱ्या, मिरच्या घेऊन दारातच उभी. गाडीवरून ओवाळून तिनं सगळं चुलीत टाकलं. मिरच्यांचा असा खाट सुटला की घरातले सगळे खोकून बेजार.

"ठसका लागला म्हंजी कुनाचीच दिष्ट न्हाई लागली," आई समाधानानं म्हणाली. "आता इश्वजीतच्या गाडीची बी काढते."

"ती कुठं बाहेर गेलीय? तिला कशाला?"

तरी तिनं काढलीच. चुलीत मिरच्या जळून काळ्या पडल्या, पण ठसका कुणालाच लागला नाही. आईचा चेहरा उतरला.

"लई जबर लागलीय. पन गाडी तर घरातच व्हती. हिला बघितलं कुनी?"

 मी जोरजोरात खोकायला लागलो.