पोत्यात शिवलेली छत्री

पलटणीत मी हवाई छत्रीनं उड्या मारायचो. लिलावात मला मिळालेली तसलीच एक छत्री मुंबईच्या एका हौशी साहेबानं उडी मारायला माझ्याकडून विकत घेतली. मार्गासनीहून एसटीनं पाठवायची म्हणून तिची नीट घडी घातली, कडुलिंबाचा पाला पसरला आणि ट्रंक आणायला माळ्यावर चढलो. उतरतो तर दिवाळसणाला आलेल्या जावईबापूंनी ती पोत्यात कोंबून दाभणानं शिवलेली, सुतळी थेट छत्रीच्या कापडातून ओवलेली. भातगिरणीत मुकादम झाल्यापासून त्यांना सगळंच येतं. "मामा, टपावरनं पडली तरी सुटायची न्हाई." बायकोनं दारातून मला खुणावत ओठावर बोट ठेवलं, जावयाला बोलायचं नसतं. मी टाके उसवून कापडाची भोकं त्यांच्यापुढं धरली. "जावईबापू, ह्याला माणूस लटकणार हाय." "बारकी तर हायत, मामा. साहेबाला वर जाईस्तोवर कळायचं न्हाई." बायकोनं ओठावरचं बोट काढलं. "आता बोला तुमी."